आत्यांची तपासणी

“आधी हिला निजवा,” आत्या म्हणाल्या. “हिला काय करताय ते मी डोळ्यांनी बघती. मग माझं करा.”

मिरजेच्या त्या दवाखान्यातली ती खोली मुद्दाम अंधारी केलेली होती. खिडक्यांना जाड हिरवे पडदे, मधे एक अरुंद खाट आणि खाटेला लागून कपाटाएवढं मशीन. नर्सने आत्यांना चोळीची गाठ सोडून डाव्या कुशीवर व्हायला सांगितलं आणि तिथंच सगळं अडलं. आत्या खाटेच्या कडेला बसल्या, दोन्ही हातांनी पदर छातीशी धरला आणि हलेनात.

मला शरमेनं कुठं तोंड लपवू असं झालं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. द्राक्षबागेत फिरताना पायात साप आला तर खुरप्यानं त्याला बाजूला करून पुढच्या ओळीला लागणारी ही बाई. आणि आज छातीवर थंड मलम लावून मशीनचा दांडा फिरवणार म्हटल्यावर ती लहान पोरासारखी अडून बसली होती. बाहेर बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. आता डॉक्टरीणबाई ओरडणार, असं मला वाटलं.

त्या डॉक्टरीण, हर्डीकर बाई, उंच होत्या, केस कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी आत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “चालेल. या तुम्ही. त्यांची भीती जाऊ दे.”

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तासगावच्या पलीकडे आमची बाग आणि बेदाण्याची शेड. माझे मालक शहाजी दूध डेअरीची गाडी चालवायचे, त्यामुळे चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर. घरात मामा, म्हणजे सासरे, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई आणि आत्या. कामाला घर तुटून पडायचं. बेदाण्याच्या हंगामात तर बायकांना पाठ टेकायला मिळायची नाही.

त्या हंगामातच माझ्या मागे ते लागलं. खाली वाकलं की श्वास अडकायचा. शेण सारवायला वाकावं, बेदाणा निवडायला मान घालून बसावं, आणि डोळ्यांपुढं काळोख यावा. कुणीतरी आतून नरडं दाबतंय असं वाटायचं. सरळ बसलं की थोड्या वेळानं सगळं मोकळं. कुणी बघायला येईतो मी ठीक दिसायची. एकदा शेडमध्ये बेदाण्याच्या ढिगावरच आडवी झाले, तर पाणी घेऊन येईपर्यंत माझी मीच उठून बसले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या की हिची चक्कर बरोबर कामाच्या वेळेला येते. त्या बोलल्या ते सगळ्यांच्याच मनात होतं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाची बाटली दिली. मी ती संपवली आणि बरं वाटतंय असं सांगून टाकलं.

बरं वाटत नव्हतं. पण माहेरी धाकट्या बहिणीचं, रत्नमालाचं, बघणं चाललं होतं. मोठी बहीण आजारी निघाली असा नुसता बोभाटा झाला असता तरी तिचं कुठं जमलं नसतं. म्हणून कुणी विचारलं तर मी हसायची आणि उन्हाचं झालं म्हणायची. रात्री डाव्या कुशीला झोपता येईना, म्हणून उजवीवर झोपायला शिकले. माणूस कशालाही सरावतं.

आत्या ह्या सगळ्यात एक शब्द बोलल्या नव्हत्या. चांगला नाही आणि वाईटही नाही. त्यांचं बोलणंच कमी. काम सांगतानासुद्धा हातानं दाखवायच्या. दोन वर्षांत त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं आणि कधी टाकून बोलल्याही नव्हत्या. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, मला काही थांग लागत नव्हता.

पंचमी झाली आणि आत्यांच्याच छातीत दुखायला लागलं. बागेत चालता चालता त्या मधेच बसायच्या, छातीवर हात ठेवायच्या. मामा घाबरले. आत्या कधी डोकं दुखतंय म्हणून आडव्या पडलेल्या कुणी बघितल्या नव्हत्या. तासगावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली आणि हृदय उत्तम आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात परत दुखलं. परत पट्टी, परत उत्तम. तिसऱ्यांदा डॉक्टर कंटाळले आणि म्हणाले, मिरजेला हृदयाचा फोटो काढायचं नवीन मशीन आलंय, त्यात हलतं-चालतं हृदय दिसतं, तिथं जाऊन एकदाची खात्री करून घ्या.

आता बरोबर कोण जाणार? थोरल्या जाऊबाई तयार होत्या. मिरजेत त्यांची मावशी होती, त्यांनी जायची साडीही काढून ठेवली होती. पण आत्या म्हणाल्या, वैजयंता येईल. ती बारावी झालीय, तिला पाट्या वाचता येतात. जाऊबाईंनी साडी परत पेटीत ठेवली आणि तो राग माझ्यावर काढला.

एस.टी.त आत्या खिडकीशी बसल्या होत्या. मिरजेत उतरल्यावर त्या माझ्यापुढं चालत होत्या, आणि मागं वळून वळून बघत होत्या. छातीत दुखणारी बाई पुढं आणि धडधाकट सून मागं धापा टाकतेय. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, मी आपली उन्हाला दोष देत होते.

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. आत्यांनी मला चहा आणायला पाठवलं. कॅन्टीन दुसऱ्या टोकाला होतं. मी दोन कप सांभाळत आले, तर आत्या हर्डीकर बाईंच्या खोलीतून बाहेर येत होत्या. मी विचारलं, नंबर नसताना आत कशाला गेलात? म्हणाल्या, तपासताना दुखतंय का ते विचारून आले.

आणि मग ती अंधारी खोली.

मी खाटेवर आडवी झाले. नर्सने छातीवर थंडगार मलम लावलं, मी शहारले. बाईंनी डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. मी थोडी वळले. त्या म्हणाल्या, पूर्ण वळा. मी पूर्ण वळले आणि छातीवर कुणी धोंडा ठेवावा तसं झालं. दात दाबून पडून राहिले. नुसतं दाखवण्यापुरतं तर आहे, एवढ्यात उठायचंच, असं मनाला सांगत होते.

पडदा मला दिसत होता. काळ्या पडद्यावर पंख्यासारखा उघडलेला करडा तुकडा आणि त्यात काहीतरी सारखं उघडझाप करणारं. बाईंनी आत्यांना जवळ बोलावलं. हे बघा आजी, हे तुमच्या सुनेचं हृदय, असं म्हणत त्या बोट दाखवू लागल्या. हे वरचे दोन कप्पे, हे खालचे दोन, ही मधली झडप.

आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

मला वाटलं, मशीन बिघडलं. त्यांनी दांडा थोडा वर घेतला, थोडा तिरपा केला, एक बटण दाबलं, चित्र जागच्या जागी गोठलं. परत सोडलं. वरच्या एका कप्प्यात लिंबाएवढा करडा गोळा होता. दर ठोक्याला तो झडपेच्या तोंडातून खाली उतरायचा आणि परत वर जायचा, विहिरीत पोहरा सोडावा आणि ओढावा तसा. मला वाटलं, सगळ्यांच्याच हृदयात असा असतो. बाईंनी नर्सला हळूच काही सांगितलं. ती गेली आणि एका वयस्कर डॉक्टरांना घेऊन आली. दोघं पडद्याशी वाकून इंग्रजीत बोलत राहिले. तेवढ्यात मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी पदर सोडला होता. त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

मला उठवून बसवलं. हर्डीकर बाईंनी स्टूल ओढलं आणि आमच्या दोघींच्या समोर बसून सगळं सांगितलं. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गाठ आहे. कर्करोगाची नसावी, अशा गाठी बहुधा साध्या असतात. पण ती देठावर लोंबकळते आहे. वाकलं किंवा कूस बदलली की झडपेच्या तोंडाशी येते आणि रक्ताची वाट अडवते. कधीतरी अडकूनच बसली तर उठायला वेळ मिळणार नाही. मी ते ऐकत होते आणि ते दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं. मी तर चहा आणायला आणि पाट्या वाचायला आले होते.

आत्यांनी एवढंच विचारलं, “काढली तर जगंल का?”

“लवकर काढली तर जगेल. आणि चांगली जगेल.”

“मग काढा,” आत्या म्हणाल्या.

मला घरी सोडलंच नाही. दोन दिवसांत पुण्याला न्यायचं ठरलं. आत्यांनी डेअरीत फोन करवला. संध्याकाळी शहाजी आले, मामा आणि थोरले दीर आले. त्या गडबडीत आत्यांची स्वतःची तपासणी राहूनच गेली. पुढंही ती कधी झाली नाही आणि कुणाच्या ध्यानातही आली नाही.

मी वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर होते. बाहेर ओसरीत माणसं बोलत होती ते मला ऐकू येत होतं. मामा वाईट माणूस नव्हते. पण घाबरलेला माणूस पहिल्यांदा हिशेबाचंच बोलतो. ते म्हणत होते, हे दुखणं आजचं नाही, लग्नाच्या आधीचं असणार. तिच्या बापाला बोलावून घेऊ. त्यांची पोरगी त्यांनी घेऊन जावी, बरी करावी आणि मग आणून घालावी. दीरांनी हो म्हटलं. शहाजींचा आवाज मला ऐकू आला नाही. ते रडत होते, हे मला नंतर कळलं.

मी उशीत तोंड खुपसून पडले होते. मला मरणाची भीती वाटायला हवी होती, पण मला डोळ्यांसमोर दिसत होती ती रत्नमाला, आणि अंगणात मान खाली घालून बसलेले माझे वडील.

मग आत्यांचा आवाज आला. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

“तपासणी माझी हुती,” त्या म्हणाल्या. “खाटंवर मी निजायची हुती. मी भ्याले म्हणून ती निजली. माझं दुखणं पोरीनं अंगावर घेतलंय. आता तिला बापाच्या दारात टाकून मी कुठल्या देवापुढं उभी राहू? ती माझ्या घरातनं आलीया, माझ्या घरात परत जाईल. तुमाला जमत नसंल तर तिच्यासंगं मी जाती.”

नंतर मामांच्या चपलांचा आवाज ओसरीवरून लांब गेला. दुसऱ्या दिवशी ते पुण्याच्या गाडीची सोय करून आले. त्यानंतर ते कधी मला उणा शब्द बोलले नाहीत.

पुण्यात ऑपरेशनच्या सकाळी आत्यांनी माझं मंगळसूत्र काढून आपल्या पदराच्या गाठीत बांधलं. माझे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या, शाळेतल्या पोरीच्या घालतात तशा. त्यांचे हात खरखरीत होते, पण कंगवा अलगद फिरत होता. मी म्हटलं, आत्या, मला काही झालं तर रत्नमालाचं लग्न अडू देऊ नका. त्या म्हणाल्या, “तूच वाढायला असशील पंगतीला. आता गप पड.”

शुद्धीवर आले तेव्हा छाती भरून श्वास आत गेला. फाडलेली छाती दुखत होती, पण हवा आत जात होती. कितीतरी महिन्यांनी. तो पहिला श्वास मला अजून आठवतो. काचेपलीकडे आत्या उभ्या होत्या. त्यांनी हात केला नाही, हसल्या नाहीत. मी डोळे उघडलेले त्यांनी बघितले आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या.

गावात आल्यावर आत्यांनी जे केलं ते मला वाटतं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. जी बाई भेटायला येईल तिला त्या एकच गोष्ट सांगायच्या. मी भ्याले, पोरगी माझ्याआधी निजली आणि माझ्यावरचं मरण तिनं अंगावर घेतलं. एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाई हे मात्र न चुकता, त्याच शब्दांत सांगायची. ऐकून बायकांचे डोळे भरायचे. त्या माझ्या ओटीत नारळ घालायच्या. मी आजारी सून म्हणून आले नव्हते, सासूला वाचवून आले होते. थोरल्या जाऊबाईंनी पुढं वर्षभर मला केरसुणी धरू दिली नाही. रत्नमालाच्या होणाऱ्या सासरची माणसं चौकशीला आली, तेव्हा आत्यांनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा पाजला आणि तीच गोष्ट सांगितली. तिचं लग्न झालं, त्या मंडपात पंगतीला मीच वाढत होते.

पुढं मला मुलगा झाला, मुलगी झाली. दोघांनाही आत्यांनीच न्हाऊमाखू घातलं. गाठ परत येऊ शकते म्हणून दर वर्षी मिरजेला जाऊन तपासून घ्यायचं होतं, तर आत्या दर वर्षी माझ्याबरोबर यायच्या. ती आमची दोघींची जत्राच होऊन गेली. सकाळच्या गाडीनं जायचं, तपासणी झाली की बाजारात फिरायचं, मुलांना काहीतरी घ्यायचं, स्टँडसमोर उसाचा रस प्यायचा. आत्यांना त्यात आलं लागायचं आणि बर्फ चालायचा नाही. परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायच्या. घरात त्यांनी असं कधी केलं नाही, फक्त त्या गाडीत. शेवटी शेवटी त्यांचे गुडघे गेले, तरी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायच्या. हर्डीकर बाई बाहेर डोकावून त्यांना विचारायच्या, काय आजी, छाती कशी आहे? आत्या म्हणायच्या, हाय झ्याक. दोघी हसायच्या. मला वाटायचं, जुन्या भीतीची चेष्टा चाललीय.

आत्या गेल्या त्या एका उन्हाळ्यात, झोपेतच. त्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी मिरजेला गेले. बाईंचे केस आता पांढरे झाले होते. मशीन केव्हाच बदललं होतं, हे नवीन एवढंसं होतं. त्यांनी सवयीनं बाहेर पाहिलं आणि विचारलं, आजी नाही आल्या? मी सांगितलं. बाई हातातलं काम ठेवून खुर्चीत बसल्या.

“मग आता सांगायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना शब्द दिला होता.”

त्या पहिल्या दिवशी मी चहा आणायला गेले, तेव्हा आत्या त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या छातीत काही नाही, दुखत नाही, मी खोटं बोलून आलेय. चहा आणायला गेलीय ती माझी सून, तिचं बघा. वाकली की ओठ निळे पडतात, सरळ झाली की लाल होतात. डाव्या अंगावर झोपत नाही. कुणाला सांगत नाही. मी खाटेवर बसून हट्ट करीन, तुम्ही तिला निजवा.

बाईंनी विचारलं होतं, मग सरळ तिलाच का नाही घेऊन आलात? तेव्हा आत्यांनी त्यांना आपल्या धाकट्या जावेचं सांगितलं. तिचं नाव मी घरात कधी ऐकलं नव्हतं. सोना. ती अशीच धापा टाकायची, आणि आजारी आहे हे कळल्यावर घरच्यांनी तिला बरी होऊन ये म्हणून माहेरी पाठवली. बोचकं आत्यांनीच बांधून दिलं होतं. ती परत आली नाही.

“त्या काय म्हणाल्या ते मी विसरलेली नाही,” हर्डीकर बाई सांगत होत्या. “म्हणाल्या, बाई, आमच्या घरात आजारी सून टिकत न्हाई. आजारी सासू टिकती. म्हणून मी आजारी पडले.”

बाईंनी हातानं खाटेकडे खूण केली. मी आडवी झाले, डाव्या कुशीवर वळले. आता त्या कुशीवर मला काही होत नाही. पडद्यावर माझं हृदय आलं, चारही कप्पे मोकळे, झडप उघडतेय, मिटतेय.

“श्वास जरा रोखून धरा,” बाई म्हणाल्या. “चित्र हलतंय.”

मी प्रयत्न केला. मला जमेना. पुन्हा केला, तरी जमेना. तेव्हा बाईंनी दांडा बाजूला ठेवला, माझ्या खांद्यावर चादर ओढली आणि दिवा न लावता तशाच बसून राहिल्या. बाहेर नर्स पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. बाईंनी तिला थांबायला सांगितलं.